बसलेल्या माणसाचा भार

धर्मा,

आमटी गरम करून घे. मी अंबरनाथला, फायबरच्या कारखान्यात जातेय.

रविवारी उल्हास नदीच्या डोहात मी आखलेली तुझी कयाक होडी उलटली आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "याला तोलच सांभाळता येत नाही." खरं तर चूक माझी होती. चाचणी घेताना मी तुझ्या वजनाइतकी वाळू तळाशी ठेवली. माणूस बसतो, त्याचा भार वर असतो, हे मला सुचलंच नाही. तू चोवीस इंच रुंदी मागत होतास, वेगासाठी बावीसचा हट्ट माझा. आता सोळा फूट लांबी तशीच ठेवून चोवीसची सांगून येते.

तू रागाने माळ्यावर टाकलेलं वल्हं काढून ठेवलंय. नवी आली की त्याच मंडळींसमोर आधी मी बसेन. मला पोहता येत नाही. जॅकेट तेवढं तू बांध.

ताई