सासवडचा वाटाणा, पावसची जाळी

पावस,
१८ जानेवारी

ती. सखाराम भावोजींना आत्मारामचा उभ्यानेच नमस्कार (कंबर धरली आहे, कारण पुढे येतंच आहे). आपलं ब्लडप्रेशर, आपले गुडघे आणि कोकणाविषयीचं आपलं मत, यांपैकी काहीतरी सुधारलं असेल अशी आशा करतो. फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. फोनवर तुम्ही लगेच फोटो मागता.

गेल्या गणपतीत भरल्या घरात तुम्ही म्हणालात, की कोकणात वाटाणा फक्त बरणीत दिसतो, आत्मारामच्या वाफ्यात शेंगा लागल्या तर राहीला महिनाभर माहेरी धाडतो. सगळे हसले. माझी बहीण हसली नाही, ते मी बघितलं. चार वर्षं झाली, ती सणाला येते आणि दुसऱ्या दिवशी निघते (कधी सासवडच्या मळ्यात तोडणी, कधी विहिरीवरची मोटर जळलेली, तुमची मोटर फार वेळेवर जळते). म्हणून थंडी पडताच मी वाटाणा पेरला. थंडी म्हणजे आमची. तुम्ही त्यात पंखा लावाल.

रोपं वीतभर झाली आणि आडवी पडायला लागली, तेव्हा तुम्हालाच विचारलं. उत्तर आलं, "जाळी लाव." आता जाळी कुठे मिळते हे रत्नागिरीच्या माणसाला कुणी सांगायला नको. तडक मिरकरवाड्याच्या बंदरावर यासीनकडे गेलो. हा माझा शाळेतला दोस्त, त्याच्याकडे ट्रॉलरची जुनी जाळी पडलेली असतात. "आत्म्या, वाटाणे काय पोहत पळतायत काय रे?" असं विचारून त्याने एक देऊन टाकलं. दोन बांबू ठोकून ते ताणलं (कंबर तेव्हाच गेली). वेलांनी ते आनंदाने धरलं, आणि दुपारपर्यंत वाडीतल्या यच्चयावत मांजरांनीही. जाळ्यात वर्षानुवर्षांच्या बांगडे-तारल्यांचा वास मुरला होता. तो मला आला नाही, कारण मी इथलाच. एक बोका तर पार वरच्या गाठीत अडकला, आणि त्याला सोडवताना त्याने माझ्याबरोबर निम्मे वेलही ओरबाडले. शेवटी आमच्या सौ. योगिनीने ते जाळं काढलं आणि उरल्या वेलांशेजारी करवंदीच्या काटेरी फांद्या रोवल्या. मांजरं गेली, वेल उभे राहिले. तिची आई म्हणे पडवळाला हेच करायची. मग आधी का नाही बोललीस, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही भावोजींना विचारलंत, मला कुठे विचारलंत?"

असो. आता वाफा बघाल तर तुमचाही ऊर भरून येईल. पांढरी फुलं येऊन गेली आणि शेंगा लागल्या आहेत. सबब अट पुरी झाली. राहीला पाठवून द्यावं. तिची खोली झाडून ठेवली आहे.

आपला ओरबाडलेला मेव्हणा,
आत्माराम

ता. क. वर 'शेंगा' असं लिहिलं आहे, ते बहुवचन आदरार्थी समजावं. आहे ती एकच.

आणखी एक ता. क. योगिनीने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढा पाल्हाळ कशाला, सरळ काय ते लिहा. तर सरळ लिहितो. एकही शेंग लागली नसती तरी हे पत्र आलंच असतं. मला राहीची फार आठवण येते, भावोजी. शेंग चार दिवसांत जून होईल. तुमचा विश्वास बसायचा नाही, तेव्हा तपासायला जरूर या, तिला घेऊन या. जाताना मात्र एकटे जा.