एका पायवाटेची भरमसाट लोकप्रियता

आदरणीय ज्येष्ठ श्यालकमहोदय,

सविनय नमस्कार. साष्टांग घालण्याचाच मानस होता. परंतु आठ अंगांपैकी दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे उरलेल्या सहांवर भागवून घ्यावे. आपला रक्तदाब, वहिनींची कंबर आणि आपल्या मोटारीचा तो मागचा दरवाजा या तिघांच्याही प्रकृतीस उतार पडला असेल, अशी आशा करतो. आपल्या भगिनी कुशल आहेत. मी मात्र गेले दोन महिने लोकसेवेत जो काही झिजलो (वजनकाट्यास हे मान्य नाही), त्याची हकीकत घरच्या वडीलधाऱ्यांना नाही सांगायची तर कोणाला?

आमच्या घरामागून प्रादेशिक उद्यानाची एक पायवाट तळ्यापर्यंत जाते, हे आपण जाणताच. लांबी दीड किलोमीटर, रुंदी दीड माणूस (मी एकटा चाललो तरी पूर्ण भरते). तळ्याकाठी एक सपाट दगड आहे. त्यावर संध्याकाळी आपल्या भगिनी आणि मी शेजारी शेजारी बसून अर्धा तास एकमेकांशी काहीही बोलत नसू. आमच्या संसारातील ते परमोच्च सौख्य होय. उद्यान कार्यालयाने अलीकडे ‘लोकसहभाग’ नामक तत्त्व अंगीकारले. म्हणजे काम आम्ही करायचे आणि छायाचित्रात दोघांनी उभे राहायचे. त्यासाठी नऊ जणांचे ‘पायवाट मित्रमंडळ’ स्थापन झाले. मी शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणायला गेलो असता माझी अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. आम्ही काटेकुटे काढले, खड्डे बुजवले, बाके रंगवली आणि रंग वाळण्यापूर्वी त्यांवर बसून त्यांचे उद्घाटनही केले.

इतक्यात कार्यालयातील अधिकारी मॅडम आल्या आणि प्रवेशद्वाराच्या खांबावर एक करडी पेटी ठोकून गेल्या. समोरून माणूस गेला की पेटी एक आकडा पुढे सरकते. तीन महिन्यांची सरासरी रोजी चाळीसच्या खाली गेली, तर पायवाट ‘निरुपयोगी’ ठरून तिला कुंपण पडणार, असा नियम. पहिल्या दिवशी अकरा भरले. त्यांतील चार मीच होतो : जाताना, येताना, विसरलेला चष्मा शोधायला जाताना आणि तो नाकावरच असल्याचा साक्षात्कार झाल्यावर परत येताना.

मंडळाची तातडीची सभा भरली. आमच्यातील निवृत्त गणितमास्तरांनी सिद्धान्त मांडला की, पेटी माणसे मोजत नाही, फेऱ्या मोजते. तेव्हा तळ्यापर्यंत तंगडतोड करण्याचे प्रयोजनच काय? खांबासमोरून इकडून तिकडे गेले की कार्यभाग साधला. झाले! कोपऱ्यावरच्या दंतवैद्यबाई रुग्णांना खुर्चीत बसवण्यापूर्वी इकडे पिटाळू लागल्या. (“आधी वीस फेऱ्या, मग दाढ. दुखतंय तर भरभर चाला!”) मास्तरांनी आपल्या तिन्ही सुनांना, त्यांची परस्परांत बोलचाल नसतानाही, एका रांगेत चालवले. मी स्वतः त्या खांबाभोवती सकाळ-संध्याकाळ घाण्याच्या बैलाच्या निष्ठेने परिभ्रमण करीत असे. आपल्या भगिनींनी खिडकीतून एकदाच अभिप्राय दिला, “अहो, नुसते गरगर फिरताय ते फिरताय, हातात झाडू तरी घ्या!” मी घेतला. लोकसेवेस मानापमान नसतो.

या धामधुमीत एक क्षुल्लक गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटली. पायवाटेवरून कोणीच चालत नव्हते. प्रवेशद्वारापाशी जमीन घासून गुळगुळीत झाली आणि दहा पावलांपुढे गवत कमरेस लागले. तळे तर कोणी महिनाभर पाहिले नव्हते. ते जागच्या जागी असावे, असा आमचा अंदाज होता.

मागील सोमवारी मॅडम आल्या त्या प्रफुल्ल वदनाने आणि लांबलचक नकाशासह. “रोजची सरासरी सहाशे! अख्ख्या विभागात तुमची वाट पहिली आली, अध्यक्षसाहेब! एवढी गर्दी या चिंचोळ्या वाटेवर कशी मावते हो?” त्या गर्दीच्या सोयीसाठी पायवाट चौपट रुंद करून सिमेंटची करण्याचे, कडेची चौदा झाडे उतरवण्याचे आणि तळ्याकाठी साठ मोटारींचा वाहनतळ बांधण्याचे योजिले आहे. नकाशात मी आमचा दगड शोधला. तेथे गाडी क्रमांक सतरा उभी आहे.

आता आमची अवस्था पाहा. खरे सांगावे तर कुंपण, खोटे रेटावे तर सिमेंट. सरासरी उतरवावी म्हणून मास्तरांनी कागदावर आकडेमोड केली. पंचेचाळीसवर येण्यासाठी त्या खांबाकडे दोन वर्षे आणि दहा दिवस कोणीही फिरकता कामा नये, असे उत्तर आले. (उत्तर बरोबर होते, उपयोग नव्हता. शाळेतही त्यांची हीच ख्याती.) मग म्हणाले, “उलटे चाला! पुढे चाललो की अधिक, मागे चाललो की वजा. साधं गणित आहे.” अध्यक्ष या नात्याने मी पाठमोऱ्या तुकडीच्या अग्रभागी, म्हणजे खरे तर पिछाडीस, होतो. सहाव्या फेरीत दंतवैद्यबाई माझ्यावर, मी मास्तरांवर आणि मास्तर स्वतःच्या सिद्धान्तासह चरात पडले. पेटीने आम्हां सर्वांना बेरजेतच धरले. तिला पाठ आणि पोट यांतील भेद कळत नाही.

असो. आपल्या प्रकृतीस जपावे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
भगिनीपती

ता. क. : येत्या गुरुवारी जनसुनावणी आहे. कुंपणाचा निर्णय पेटीच्या आकड्यावर व्हायचा, आणि आकडा उदंड आहे. परंतु रुंदीकरण ‘बाहेरगावच्या पाहुण्यांस स्थळ प्रेक्षणीय वाटते काय’ यावर ठरायचे आहे. गेल्या वर्षी आपण येथे आला होतात, अर्ध्या वाटेवरून परतलात आणि जेवताना सर्वांदेखत म्हणालात की, यापेक्षा आमच्या कचेरीचा जिना बघण्यासारखा आहे. तेव्हापासून मी आपल्याशी बोललो नाही. तेच वाक्य, त्याच तुच्छतेने, सहीनिशी लिहून बुधवारपर्यंत कार्यालयात पोहोचेल असे पाठवावे. नातेसंबंधाचा उल्लेख टाळावा.

ता. क. २ : ‘आणि सोबतचा वाटाड्या तर वाटेहूनही लांबण लावणारा’ हे आपण त्याच वेळी काढलेले उद्गार मात्र कृपया गाळावेत. विषयास सोडून आहेत.

ता. क. ३ : दादा, मी लिहितेय. ह्यांचं पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच आलंय. ते वाटाड्याचं वाक्य अजिबात गाळू नकोस, पहिलंच घाल. पेटी ठोकायच्या आधी मॅडमना ह्यांनी दोनदा वाट दाखवलीय. ते वाक्य नसेल तर तू इथे खरंच आला होतास यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.