सहीच्या दिवशी

बसण्णा,

भाकरी टोपलीत आहेत, भरलं वांगं तेवढं गरम करून घे. अप्पांच्या घरावरचा माझा हक्क सोडायच्या कागदावर आज सही आहे, पण अकराला गाडी बोलावू नकोस.

तो कागद शांतवीर वकिलांनी लिहिलाय. घरपट्टीपासून नातवाच्या दाखल्यापर्यंत आपलं सगळं तेच बघतात, म्हणून काल त्यांनाच विचारलं, "माझ्या बाजूनं कोण बघणार?" ते म्हणाले, "गौरक्का, तुम्ही दुसरा वकील करा."

मी बसस्टँडसमोरच्या सरोजम्मा वकिलांकडे चाललेय. त्यांनी वाचल्यावर सहीचं बघू. रागानं उपाशी राहू नकोस.

सहीसाठी म्हणून तू आणलेली इरकल छान आहे. तीच नेसलेय.

अक्का