कुर्दांची नोंद आणि गुरुजींची

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. शकूर मामूंस,
राबियाचा सलाम आणि सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका लाल शाईनं खुणावून तुम्ही पत्र परत पाठवलंत. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला मामू सगळ्यांच्या नशिबी नसतो, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

आता काम. ज्ञानकोशासाठी मला एक अवघड नोंद लिहायची आहे. तुर्कस्तानात मागच्या शतकात काही लेखकांनी पुस्तकं लिहून सांगितलं, की कुर्द नावाचे वेगळे लोक नाहीतच. डोंगरात राहून आपली भाषा विसरलेले ते तुर्कच. त्यांतले काही लेखक तर स्वतः कुर्द घरात जन्मलेले. या सगळ्यांवर तटस्थपणे लिहायचं आहे.

मी लिहिलं, कुर्द हे स्वतंत्र लोक आहेत असं काही जण मानतात, काही मानत नाहीत. माझ्या खोलीत राहणारी हेवीन तुर्कस्तानातल्या दियारबाकीरची, कुर्द आहे. तिला वाक्याचा अर्थ सांगितला, तर तिनं शांतपणे विचारलं, की मग आज सकाळी तुला चहा कुणी करून दिला. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. लेखकांना शिव्या घातल्या तर संपादक कापतील, नाही घातल्या तर मैत्रीण जाईल. महिनाअखेर नोंद द्यायची आहे. मार्ग सांगा.

अमीना मामींना सलाम. चुका दिसल्या तरी माया कमी करू नका.
तुमची,
राबिया


उंद्री, ११ नोव्हेंबर २०२४

चि. राबियास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. या खेपेस चुका तीनच. प्रगती आहे.

अगं, जिने चहा करून दिला ती आहे की नाही, यावर दोन मते लिहायची नसतात. कुर्द आहेत, हे सरळ लिही. लेखक जे म्हणाला ते त्याच्या नावावर, सालासकट लिही. त्या लिहिण्यामुळे कुणाचे काय झाले, तेही लिही. विशेषणे मात्र सगळी काढून टाक. वाचणाऱ्याला अक्कल असते.

आता माझे ऐक. आपल्या शालिग्राम दुकानदाराची वैष्णवी तुला आठवत असेल. माझी विद्यार्थिनी, आता अमडापूरला शिक्षिका आहे. तिने आपल्या भागातल्या वऱ्हाडी शब्दांचे पुस्तक केले आहे. छापण्यापूर्वीची पाने मोठ्या आदराने मला आणून दिली. प्रस्तावनेत माझ्याबद्दल काय लिहिले आहे ते जसेच्या तसे उतरवतो: ‘शकूर गुरुजींनी १९९८ च्या आपल्या पुस्तिकेत, वऱ्हाडी ही बोली नसून बिघडलेले मराठी आहे, असे मत मांडले. त्यांच्या वर्गात “मले”, “तुले” म्हणणाऱ्या मुलाला तो तास उभे राहावे लागे. काही मुलांनी वर्गात बोलणेच सोडले.’

बस, एवढेच. माझ्या चौतीस वर्षांबद्दल अक्षर नाही. शिवी दिली असती तर उत्तर तरी देता आले असते. तू ज्ञानकोशवाली आहेस, तिला एक कडक पत्र लिही. तुझी मामी दोन दिवस गालात हसते आहे आणि कारण सांगत नाही.

तब्येतीस जप, आणि या म्हाताऱ्याची बाजू घे.
तुझा,
शकूर मामू


पुणे, २० नोव्हेंबर २०२४

ती. मामूंस,
सलाम आणि सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं. विशेषणं काढता काढता नोंद निम्मी झाली. हेवीनला अर्थ सांगत वाचून दाखवली. ती म्हणाली, की तिची आजी शाळेत कुर्दी शब्द बोलली म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि घरी येऊन तिनं आईशीही कुर्दी बोलायचं टाकलं. हे सांगून तिनं चहा ठेवला. दोन कप.

वैष्णवीताईला पत्र लिहायला बसले होते, मामू. तिचं वाक्य तुमच्याच नियमानं तपासलं. नाव आहे, साल आहे, काय म्हणालात ते आहे, मुलांचं काय झालं ते आहे. विशेषण एकही नाही. मग कडक काय लिहू? त्यात एक शब्द खोटा असेल तर कळवा, त्याच दिवशी लिहीन.

रागावू नका. आणि काऊन रागावून राह्यले, तेही मले एकदा सांगा. ही चूक मुद्दाम केली आहे, लाल शाई वाचवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
राबिया


उंद्री, ९ डिसेंबर २०२४

चि. राबियास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा आठ दिवस राग होता. नवव्या दिवशी तुझ्या मामीने हसण्याचे कारण सांगितले. म्हणाली, की चाळीस वर्षे ती मला भेदऱ्याची चटणी वाढते आहे आणि मी ती टोमॅटोची म्हणून खातो आहे. भेदरे म्हणजे आपल्या वऱ्हाडीत टोमॅटोच.

तू कारण विचारलेस. अध्यापक विद्यालयात पहिल्याच दिवशी मी ‘मले’ म्हणालो आणि सारा वर्ग हसला. मुसलमानाच्या पोराचे मराठी तसेही तपासले जायचे. त्या दिवसापासून मी अम्मीची बोली तोंडातून काढून टाकली, आणि पुढे शेकडो पोरांच्या तोंडातून. मला वाटे, मी त्यांना त्या हसण्यापासून वाचवतो आहे.

वैष्णवीच्या घरी गेलो. ती घाबरून वाक्य बदलायला निघाली. मी बदलू दिले नाही. अम्मीचे आठवले तेवढे शब्द लिहून दिले. रात्रभर एकेक आठवत गेले, एकूण एकेचाळीस. आता त्या पुस्तकात माझे नाव दोनदा आहे: प्रस्तावनेत, आणि मागे शब्द देणाऱ्यांच्या यादीत, पुष्पाबाई आणि शेख राबिया यांच्या मधे. ही राबिया म्हणजे माझी अम्मी, तुझी आजी. तुझे नाव तिचेच आहे, विसरू नकोस.

काल रविवारी अमडापूरला प्रकाशन झाले. मला दोन शब्द बोलायला उभे केले. वऱ्हाडीतच बोलायचे ठरवून गेलो होतो, पण पहिल्याच वाक्यात जीभ घसरली आणि ‘मला’ म्हणून बसलो. मागून निवृत्ती उठला. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त तास उभा राहिलेला पोरगा, आता नातवाला घेऊन आला होता. हात जोडून म्हणाला, की गुरुजी, मला नाही, मले. सगळा मांडव हसला.

मी पण हासलो, पोरी. मंग मले बोलता आलं.

सुटीत ये, हेवीनलेही घेऊन ये. मामी वाट पाहून राह्यली.
तुहा,
शकूर मामू