शिवण बाहेरच्या बाजूला

ता. ३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

थोरलीला माणसांची आठवण आली की ती पाणी पिते, असं आई एकदा शेजारणीला म्हणाली होती. तू फिदीफिदी हसली होतीस.

आता तहान हेच दुखणं झालं. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, तिथली गाठ काढल्यापासून सकाळ-संध्याकाळ नाकात फवारा घेते, तेव्हा कुठे तहान आवरते. बाकी बरी आहे. पण ऑपरेशननंतर मला कुणाची आठवणच येत नाही. हे फिरतीवर गेले तरी घर रिकामं वाटत नाही. वीस तारखेला लेक बाळाला घेऊन येते आहे. तिने तो मांडीवर दिला आणि आत काहीच हललं नाही तर? तिला लगेच कळेल. तिची नजर तुझ्यावर गेली आहे.

तू त्याच ग्रंथीच्या रसांवर काम करतेस. उंदरिणीला पिल्लांची ओढ लावणारा तो रस, त्याची एक कुपी पाठव.

गिऱ्हाइकांचे कपडे पडून आहेत, ओरडा खाते. बाळाची सात झबली मात्र शिवून झाली. टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, बटणं काढून नाड्या लावल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुपी पाठवणार नाही. ती उंदरांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. रागाव हवं तर. पण हे सगळं डॉक्टरांना सांग. तुझा फवारा तहानेपुरता आहे, मनाचं ते आपणहून विचारणार नाहीत.

आमच्याकडे पिल्लं पिंजऱ्यात विखरून ठेवतात आणि आई ती किती वेळात गोळा करते, ते मी घड्याळ लावून टिपते. पहिलटकरणीचा तो रस अडवला तर ती बहुधा ढुंकून बघत नाही. पण जिने आधी पिल्लं सांभाळली आहेत, तिचा अडवला तरी ती उठते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणते. तिला काय वाटतं ते मला कळत नाही. मी पिल्लं मोजते.

तुझं पत्रही तसंच वाचलं. काही वाटत नाही याचं दीड पान, आणि सात झबली.

मला येता येणार नाही, उंदरांना सुट्टी नसते. सहा वर्षं हेच लिहिते आहे, ठाऊक आहे.

रागातही आठवण ठेव.
तुझी चिमणी

ता. २३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, तपासण्या लिहून दिल्या.

बाळ मांडीवर आला. आत काही हललं का, अजून सांगता येत नाही. तो झोपला, मी दोन तास पाय हलवला नाही. मुंग्या आल्या. लेक म्हणाली, खाली ठेव. ठेवला नाही. झबल्याची शिवण बघून ती म्हणाली, आई, तू उलटंच शिवलंस. मग तिने बोट आत घालून बघितलं आणि बाकीची सहा आपल्या पिशवीत भरली.

काल दोघं गेली. पाळणा आवरला, तुझं पत्र पुन्हा काढलं आणि उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायले. फवारा वेळेवर घेतला होता. हे डॉक्टरांना सांगेनच, पण आधी तुला सांगते.

चार दिवस ये. तू उंदरांचं नाव सांगशील, मला माहीत आहे. तरी ये.

तुझी ताई