कुटुंबप्रमुख कोण?

पूर्णा, मंगळवार, दिवेलागण

घडलं तसं लिहून ठेवतोय. आई घरबसल्या मोबाइलवर सर्वेक्षणं भरते. साबण कोणता, तेल कोणतं ते सांगितलं की पैसे मिळतात. आज प्रश्न आला, 'कुटूंबप्रमुख कोण?' टू दीर्घ छापला होता, चूक. मी वाचून दाखवला.

आई हसली. "लिही की, मीच हाय. दुकानात मीच जायलेय ना?"

मी लिहिलं. बाबा दारातच होते.

"मी मेलो का गं?" म्हणत त्यांनी तांब्या तिच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली, मोबाइलवर रक्त ठिबकलं. ते पुन्हा धावले तेव्हा मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. कट्‌कन आवाज आला. अजून कानात आहे तो आवाज. थांबवायचं होतं की मोडायचंच होतं? आवाजानंतरही मी पिरगाळतच होतो, हे मात्र खरं.

"सोड रे, बाप हाय तुजा!" आईनंच मला ओढलं.

बाबा हात छातीशी धरून भिंतीला टेकले. आई पदरानं भुवई दाबत माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दवाखान्यात नेऊ का यांना?"

असं घाबरून ती आजवर फक्त बाबांनाच विचारायची.