वसूच्या उठावन्याची सूचना

२ फेब्रुवारी, सोम. देवास.
“नुसतं छान आहे म्हणू नकोस, काय आहे ते सांग.” दादा एकोणीस वर्षांचा असताना म्हणाला होता. त्याचे डोळे जायला लागले होते. मी बारा वर्षांची. धारच्या किल्ल्यावरून खालचं गाव त्याला दाखवत होते. आज दिवसभर तेच कानात.
वसूला जाऊन सव्वा महिना झाला. दादा माझ्याशी बोलत नाही, त्याला महिना होत आला.
वसू म्हणजे दादाचा लेखनिक. बी.ए.ची तिन्ही वर्षं दादा तोंडाने सांगायचा, वसू पेपर लिहायचा. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो. “माझ्यासाठी एक वर्ष मागे राहिलास,” असं दादा त्याला चिडवायचा. पुढे वसू इथे देवासला कारखान्यात लागला. दादा धारलाच राहिला.

४ फेब्रु.
लिहूनच टाकते, म्हणजे पळता येणार नाही.
इथल्या मराठी समाजाची वेबसाइट सहा वर्षं मी सांभाळते. प्रेसवाला शोकसूचना जुन्या फाँटात जुळवतो, तो साइटवर उमटत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक सूचनेचा फोटो चढवतो. वसूची मीच चढवली. तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे इकडची शोकसभा, समाजाच्या हॉलमध्ये, चार वाजता. दादाला फोन केला नाही. साइटवर टाकलं, ग्रुपवर टाकलं, म्हणजे कळलंच. शिवाय त्याला ते सांगणारी मी व्हायला नको होतं. हेही खरं.
नवव्या दिवशी वसूच्या बायकोनेच त्याला फोनवर विचारलं, “भाईसाब, आप आए नहीं?”
मग त्याचा मला फोन. “माझ्या फोननं चारदा वाचून दाखवलं, ‘सूचना’. कुणाची, ते नाही सांगितलं. तू पण नाही.” तेवढंच. ठेवला.

७ फेब्रु., शनि.
न दिसणाऱ्यांना साइट वापरता येते का, हे तपासणारं एक साधन लॅपटॉपवर बसवलं. ओपन सोर्स, फुकट. सकाळभर चालूच होईना, फोल्डरचा पत्ता चुकला होता. दुपारी चाललं. एकेक पान तपासून दोषांची लाल यादी काढतं. अक्षरं फिकी, बटणांना नावं नाहीत, वर्गणीच्या फॉर्ममधले रकाने मुके. यादी वाढत गेली तसं बरं वाटत होतं. शिक्षा मिळाल्यासारखं.
शेवटी वसूचं पान. हिरवं. दोष शून्य.

८ फेब्रु.
दुसरं साधन बसवलं. तेही हिरवं.
कारण सापडलं. फोटोमागे त्याचं वर्णन लिहायची जागा असते, फोन तेच वाचून दाखवतो. ती रिकामी असली की साधन ओरडतं. मी सहा वर्षांपूर्वी एकदाच तिथे “सूचना” भरून ठेवलं, नव्या फोटोला आपोआप लागेल असं. तेव्हा हुशारी वाटली होती. काहीतरी लिहिलंय, एवढंच साधनाला कळतं. त्यातून काही समजतं का, हे ऐकणाऱ्यालाच कळणार.
दोन्ही साधनं मला निर्दोष म्हणतात. नको आहे मला ते.

१० फेब्रु.
समाजाचे सचिव भाऊसाहेब. त्यांना सांगितलं, सगळ्या जुन्या सूचना पुन्हा टाइप करतेय.
“अगं, पुरानी सूचना कौन पढ़ता है? गेलेली माणसं गेली.”
“तरी.”
“सगळ्या?”
“सगळ्या.”
“तब्येत ठीक आहे ना तुझी? चहा घे.”
घेतला.

१३ फेब्रु., शुक्र.
वसूची आधी केली. चार ओळी. दोन मिनिटांचं काम होतं ते. दोन मिनिटं.
स्क्रीन रीडर, म्हणजे दादाच्या फोनसारखं पान वाचून दाखवणारं, लावलं, डोळे मिटून ऐकलं. त्यातल्या बाईचा सपाट आवाज. “कै.” वर अडखळली, “कै डॉट वसंत” म्हणाली. “कैलासवासी” असं पूर्ण लिहिलं. पुन्हा ऐकलं. नीट आलं.

१५ फेब्रु., रवि.
वहिनींना फोन.
“वन्सं, जेवताना तुमचं नाव काढलं मी. घास तसाच हातात राहिला त्यांच्या.”
“साइटचं सांगितलंत?”
“सांगितलं ना. म्हणाले, आता ऐकून काय करू, हॉल रिकामा झाला.”
मग वहिनीच रडायला लागल्या. मीच त्यांना गप्प केलं.

१६ फेब्रु.
वसूच्या पानाचा दुवा दादाला पाठवला नाही. तो उघडणार नाही. त्याऐवजी निरोप लिहिला, त्याचा फोन वाचून दाखवेल. तीनदा खोडला. क्षमा हा शब्द काढून टाकला, त्याच्यावर ओझं नको. उत्तर नाहीच येणार; आलं तर “नाही” येईल. जसा गेला तसा इथे उतरवते:
दादा, साइट दुरुस्त करतेय. साधनं सगळं ठीक म्हणतात, माझा त्यांच्यावर भरवसा नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन धारला येऊ का? बोलू नकोस हवं तर. एकेक पान ऐक, आणि कळणार नाही तिथे हात वर करून मला थांबव.